बायबल उघडलं की संदेशाचे मुद्देच दिसतात: एका तरुण पाळकबंधूंना उत्तर

जय ख्रिस्त, पास्टर.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऑर्डिनेशन, म्हणजे पाळकपदाची दीक्षा, होऊन चार वर्षं झाली, ही दुसरी मंडळी, रविवारी दोन उपासना, बुधवारी बायबल स्टडी, शुक्रवारी उपास-प्रार्थना, मधल्या दिवसांत घरभेटी आणि कमिटीच्या मीटिंगा, आणि आता असं झालंय की बायबल उघडलं की संदेशाचे, म्हणजे प्रवचनाचे, मुद्देच दिसतात, स्वतःसाठी वाचणं असं काही उरलंच नाही, प्रार्थना होते ती फक्त माईकवर. म्हणून विचारताय की स्वतःच्या आत्मिक वाढीसाठी काय करू, एम.टीएच.ला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पुढच्या पदवीला, जाऊ का, कुठल्या कॉन्फरन्सला जाऊ, कुठली पुस्तकं वाचू.

मी ३६ वर्षं पाळकपण केलं. सुरुवात नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, मग मराठवाडा, शेवटची नऊ वर्षं पुण्याजवळ. आता रिटायर आहे, दुसऱ्यांचे संदेश मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि घरी आलो की बायकोचं ऐकतो. वयानं मोठा आहे म्हणून जरा मोकळं बोलतो, राग मानू नका.

तुम्हाला जे चौथ्या वर्षी कळलं ते मला कळायला अकरावं वर्ष लागलं, आणि तेही माझं मला कळलं नाही, एका म्हातारीनं सांगितलं. माझ्याकडे तेव्हा सात गावं होती आणि एक राजदूत गाडी. मे महिना, एका गावात एक म्हातारे गृहस्थ वारले, मी धावतपळत पोचलो, झगा चढवला, अंत्यविधीची उपासना घेतली, थडग्यावर चार शब्द बोललो, लोक रडले, सगळं रीतसर झालं. परत त्यांच्या घरी आलो तर त्यांची विधवा तांब्याभर पाणी घेऊन आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पाळकसायेब, माझ्या दिराच्या मातीलाबी तुमी असंच म्हनला व्हता. शबुद न् शबुद." चिडून नाही, टोमणाही नाही, जसं कुणी सांगावं की यंदा पाऊस उशिरा आहे तसं. मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. पण परत येताना उसाच्या कडेला गाडी थांबवली आणि आठवून बघितलं, तर त्या दिराचा चेहराच आठवेना. दीड वर्षापूर्वी मी त्याला पुरलं होतं. मग आणखी एक लक्षात आलं की कुणी ऐकत नसताना मी शेवटची प्रार्थना कधी केली तेही आठवत नाही. तोंड चालू होतं, आत कुणी नव्हतं.

लग्नातला आचारी बघितलाय ना? पहाटेपासून चुलीपुढं, पाचशे पानांचा स्वयंपाक त्याच्या हातचा, आणि पंगती उठल्यावर तो काय खातो, तर चहाबरोबर पाव नाहीतर बिस्किटं. म्हणतो धुरानं आणि वासानं भूकच मेली. आपलं तसंच होतं. देवाचं वचन रोज हाताळून हाताळून त्याचा वास नाकात बसतो आणि पोट भरलंय असं वाटायला लागतं. पोट रिकामंच असतं. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांना माझं उत्तर फिरून फिरून एकाच जागी येणार आहे, ते आधीच सांगतो. तुमच्या आयुष्यात असं काहीतरी पाहिजे जे दुसऱ्याच्या पानात वाढायचं नाही, फक्त स्वतः खायचं. वचनातला एखादा भाग जो संदेशात जाणार नाही, एखादी प्रार्थना जी कुणी ऐकणार नाही, एखादा माणूस ज्याच्यापुढं तुम्ही पाळक नाही, आणि एखादा दिवस जेव्हा मंडळीला तुमच्यापासून काही मिळणार नाही.

आता वाचनाचं. मी केलेली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे दोन बायबलं वेगळी केली. व्यासपीठावरचं एक, त्यात खुणा, पेन्सिलीचे मुद्दे, चिठ्ठ्या, सगळं. दुसरं घरातलं, वेगळ्या भाषांतराचं, आणि त्याच्याजवळ पेन ठेवायचं नाही असा नियम. हसू नका, पेनाचा फार संबंध आहे. हातात पेन असलं की डोकं लगेच पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा करायला लागतं. आणि भाषांतर वेगळं अशासाठी की आपल्या कानाला पवित्र शास्त्राची भाषा इतकी पाठ झालेली असते की वाक्य सुरू व्हायच्या आत संपलेलं असतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल मी रिटायर व्हायच्या सुमारास वाचायला घेतलं, आणि आयुष्यभर ज्यावर बोललो ते दाखले पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाटले. आपले काही बंधू म्हणतील कॅथलिक भाषांतर कशाला, त्यांना म्हणू द्या.

कुठून वाचायचं तर स्तोत्रसंहितेपासून. एक जुनी पद्धत आहे, माझी नाही, खूप लोक वापरतात. आज जी तारीख असेल त्या नंबरचं स्तोत्र, मग त्यात ३० मिळवत जायचं. म्हणजे ५ तारखेला ५, ३५, ६५, ९५ आणि १२५. रोज पाच, तीस दिवसांत सगळी १५० होतात. ११९वं मात्र १७६ वचनांचं आहे, ते २९ तारखेला येतं तेव्हा सोडायचं आणि ३१ तारखेसाठी ठेवायचं. यातली गंमत अशी की आपण निवडत नाही, तारीख निवडते. पाळक माणूस निवडायला गेला की २३, ९१, १०३, १२१ असा ठरलेल्या गावांतूनच फिरतो, एसटीच्या रूटसारखा. ८८ वर दिलेला संदेश मी ३६ वर्षांत एकदाही ऐकला नाही आणि स्वतःही दिला नाही, कारण त्याचा शेवट अंधारात होतो, वर काढणारी ओळच नाही त्यात. पण २८ तारीख आली की ८८ येतंच, आणि त्याच दिवशी, त्याच्या लगेच पुढं, ११८ येतं, परमेश्वराने नेमलेला दिवस हाच आहे म्हणणारं. पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या दिवशी माझ्या मोठ्या भावाचा बायप्सीचा रिपोर्ट आला होता. दोन्ही वाचली, पाठोपाठ, मोठ्यानं. काही समजावून सांगायचं नव्हतं कुणाला.

शिस्त मोडेल. मोडली तर मागचं भरून काढायचं नाही, त्या दिवसाची तारीख बघायची आणि तिथून पुढं. भरून काढायला लागलात की तो होमवर्क होतो.

प्रार्थनेबद्दल मला फार मोठं सांगता येणार नाही, कारण मी त्यात कच्चाच होतो. एवढं सांगतो की पाळकाची प्रार्थना मोघम होत जाते. "हे प्रभू, आजाऱ्यांना बरं कर, विधवा-अनाथांना आधार दे, तरुणांना सुबुद्धी दे", झालं, सगळी मंडळी चार ओळींत उरकली. त्या म्हातारीनंतर मी दोनशे पानांची एक वही घेतली, एका पानावर एक कुटुंब, वर नावं, खाली त्यांनी मला सांगितलेल्या गोष्टी अगदी थोडक्यात, आडव्यातिडव्या भाषेत, दुसऱ्याला वाचून कळू नये अशा. रोज तीन पानं. कधीकधी काही मागायचोच नाही, नुसतं पान उघडून त्या घराकडे बघत बसायचो. सहा महिन्यांनी अंत्यविधीला तेच शब्द बोलणं आपोआप बंद झालं, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. वही कुलपात ठेवा पण. आणि बदली झाली की जाळा, पुढच्या पाळकाला वारसा म्हणून देऊ नका.

स्वतःसाठी मात्र मला शब्दच सुचायचे नाहीत, तिथं टिळकांनी हात दिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग आपण पेटी-तबला-टाळ घेऊन म्हणतो, पण एकदा पहाटे एकट्यानं, वाद्याशिवाय, बेसूर आवाजात म्हणून बघा. आपल्या मातीतल्या माणसानं आपल्या भाषेत देवाशी केलेलं बोलणं आहे ते, तुकारामांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाचं. कीबोर्डवरच्या इंग्रजी कोरसांचं भाषांतर मला तरी तिथं नेत नाही. तरुणांना नेत असेल, त्यावर वाद घालत नाही.

आता माणसाचं, आणि इथं जरा थांबतो कारण हेच आपल्याकडे सगळ्यात कमी आहे. पाळकाला मित्र नसतो. मंडळीतला माणूस मित्र झाला तर दुसऱ्या गटाला राग. बिशपांना मनातलं सांगावं तर बदलीची फाईल त्यांच्याच टेबलावर. बरोबरच्या पाळकाला सांगावं तर तोही त्याच बदलीच्या रांगेत. बायकोला सगळं सांगतो आपण, आणि तिच्या डोक्यावर दोघांचं ओझं होतं, शिवाय मंडळीतल्या ज्या बाईनं तुमच्याबद्दल काही बोललं तिच्याच शेजारी तिला रविवारी बसायचं असतं.

मला मिळाला तो माणूस आपल्या चर्चचा नव्हताच. दुसऱ्या पंथाचे एक रिटायर्ड पाळक, तालुक्याच्या गावी राहायचे. महिन्यातून एकदा आम्ही एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये भेटायचो, कोपऱ्यातलं टेबल, दोन चहा, एक भजी प्लेट, आणि मुद्दाम ती जागा, कारण तिथल्या गोंगाटात कुणाला काही ऐकू जात नाही. ते प्रत्येक वेळी तेच प्रश्न विचारायचे. घरात शेवटचा आवाज कधी चढवलास? पैशाचं काय लपवलंयस? कुणाचं नाव काढलं की तोंड कडू होतं? आणि सगळ्यात शेवटी, भजी संपल्यावर, "आता यातलं खोटं कुठलं सांगितलंस?" पहिले तीन-चार महिने मी या शेवटच्या प्रश्नाला "काही नाही" म्हणायचो. पाचव्या महिन्यात सांगितलं की अर्पणाच्या पैशातून मी मुलाची फी भरली होती आणि पगार झाल्यावर परत ठेवली होती. पगार तेव्हा दोन-दोन महिने लांबायचा, हे खरं आहे, पण ते कारण झालं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "खजिनदाराला सांग." मी म्हणालो पैसे तर परत ठेवलेत. ते म्हणाले, "म्हणूनच सांग, आता सोपं आहे." सांगितलं. खजिनदार दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला की पुढच्या वेळी माझ्याकडून उसने घ्या. माझा ३६ वर्षांचा सगळा आत्मिक विकास काढला ना, तर त्यातला बराचसा त्या कँटीनच्या टेबलावर झाला, कुठल्या कन्व्हेन्शनच्या मांडवात नाही.

तेव्हा असा एक माणूस शोधा. तुमच्या बदलीशी, पगाराशी, मंडळीशी त्याचा काही संबंध नको, वयानं मोठा असला तर बरं, आणि त्याला तुमचं कौतुक नसावं हे सगळ्यात महत्त्वाचं. आता मोबाईल आहे, त्यामुळे एक प्रश्न वाढवा, की रात्री एकटा असताना स्क्रीनवर काय बघतोस. लाजायचं कारण नाही, पाळकांचेही डोळे सगळ्यांसारखेच असतात. आणि याच्याच जोडीला, एखाद्या बहिणीला काही सांगायचं असेल तर दार उघडं आणि घरात दुसरं कुणी असताना, याला अपवाद नाही. माझा विश्वास आहे, तुमचाही असेल, तरी दार उघडंच.

शरीराचं कुणी बोलत नाही. घरभेट म्हणजे चहा, नाही म्हटलं तर त्या माऊलीला वाटतं आमच्या घरचं चालत नाही का, म्हणून एका संध्याकाळी आठ घरं म्हणजे आठ कप, दोन-दोन चमचे साखरेचे. मला ४६व्या वर्षी शुगर निघाली आणि डॉक्टरनं विचारलं मिठाईचं दुकान आहे का. तेव्हापासून मी दारातच सांगायचो, "अर्धा कप, बिनसाखरेचा, डॉक्टरचा हुकूम", आणि डॉक्टरवर ढकललं की कुणाला वाईट वाटत नाही. आजपासूनच सांगायला लागा, शुगर यायची वाट कशाला बघता.

आणि झोप. १ राजे १९ काढा, पण घरातल्या बायबलात, पेन न घेता. एलीया कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून आला आणि दुसऱ्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवानं त्याला काय दिलं? भाकर, पाणी आणि झोप. उठवून खायला घातलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. तू असं कसं बोलतोस, तू संदेष्टा ना, असं काही विचारलं नाही. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगरावर. मोठ्या सभेनंतर, ईस्टरनंतर, नाताळचा आठवडा संपल्यावर जो एक काळा दिवस येतो तो बऱ्याच वेळा भाकरी आणि झोपेचा असतो, त्यावर लगेच उपास धरू नका. पण झोप तीन-चार आठवडे येतच नसेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील तर सरळ डॉक्टरकडे जा, मानसोपचाराच्या. सरकारची टेलिमानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पाळकानं फोन केला म्हणून त्याचा विश्वास कमी पडला असं होत नाही. शुगरची गोळी घेताना आपण असा विचार करत नाही, तर इथं का करायचा?

एम.टीएच.बद्दल विचारलंत. जरूर करा, पण पळून जायला करू नका. सेरामपूर विद्यापीठाची बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पहिली पदवी, झालेली असेल तर एम.टीएच. म्हणजे दोन वर्षं होस्टेल, घरच्यांची ओढाताण, आणि तिथंही बायबल उघडलं की पेपरचे मुद्देच दिसणार, संदेशाऐवजी थीसिस, फरक एवढाच. कोरडेपण घेऊन गेलात तर तळटीपा लावलेलं कोरडेपण घेऊन परत याल. आधी एक वर्ष घरचं बायबल वाचा, मग एखादा प्रश्न तुम्हाला झोपू देत नसेल तर त्या प्रश्नासाठी जा.

अभ्यास मात्र सोडायचा नाही हे पंडिता रमाबाईंकडून शिकावं. केडगावचं मुक्ती मिशन म्हणजे दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका-मुली, त्यांचं खाणं-पिणं, शाळा, शेती, छापखाना, वर १९०५ चं ते मोठं आत्मिक जागरण, एवढा व्याप अंगावर असताना या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकत बसल्या, कारण साध्या खेडवळ बाईला कळेल असं बायबल मराठीत आणायचं होतं. वर्षानुवर्षं ते भाषांतर चाललं, त्यातच मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि बायबल छापलं ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी. आपण म्हणतो कमिटीच्या मीटिंगांमुळे वाचायला वेळ मिळत नाही. मीही म्हणायचो. केडगाव पुणे-दौंड लाईनवर आहे, कधी गेलात तर ते बायबल बघून या.

पौल तर कैदेत होता, मरण समोर दिसत होतं, आणि आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, निरोप काय पाठवतो, तर त्रोवस गावात राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेष करून चर्मपत्रं. थंडीसाठी झगा आणि वाचायला पुस्तकं. ज्याला आता कुठं संदेश द्यायला जायचं नाही तो माणूस पुस्तकं मागवतोय, हे मला फार आवडतं. म्हणून पुस्तकांची यादी मागितलीत तर मी म्हणेन की ख्रिस्ती नसलेलीही वाचा. तुकारामांची गाथा वाचा. पेपर वाचा, शेतीची पुरवणीसुद्धा, तुमच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांची प्रार्थना कांद्याच्या भावाबद्दल असते. आणि लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे वाचली नसतील तर आधी ती, आणि बायकोच्या नजरेनं वाचा. एवढा मोठा कवी, एवढा मोठा भक्त, हातात पैसा टिकत नाही, आलेलं वाटून टाकतो, आणि घरात चूल कशी पेटते ते त्या बाईला माहीत. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि आतल्या खोलीत जाऊन बायकोला विचारलं, "माझ्याबद्दल तू पुस्तक लिहिलंस तर काय लिहिशील?" ती म्हणाली, "आधी लाईटबिल भरून या, मग सांगते."

कॉन्फरन्सचं थोडक्यात. वर्षातून एक पुरे, आणि जिथं तुम्हाला स्टेजवर बसवणार नाहीत अशी. त्यापेक्षा दोन दिवस गप्प बसायची जागा शोधा. पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे, टिळकांच्या परिचयातले जॅक विन्स्लो, जे नगरकडे मिशनरी होते, त्यांच्या ख्रिस्त सेवा संघापासूनची ती परंपरा, तिथं किंवा जवळच्या एखाद्या आश्रमात चौकशी करा. मी पहिल्यांदा असा गेलो तर पहिला दिवस झोपलोच, दुसऱ्या दिवशी इतका कंटाळा आला की भिंतीवरच्या पालीचं निरीक्षण केलं, आणि दुपारी चारच्या सुमाराला, काही कारण नसताना, पंधरा मिनिटं रडलो. का ते अजून नीट माहीत नाही. बरं वाटलं.

दोन-तीन महिन्यांतून एका रविवारी सुट्टी मागून घ्या, कॉलर काढा, आणि बायको-मुलांबरोबर दुसऱ्या कुठल्यातरी मंडळीत मागच्या बाकावर बसा. आधी कळवू नका, नाहीतर ते "दोन शब्द" बोलायला पुढं बोलावतात. पहिली दहा मिनिटं तुम्ही त्या पाळकाचे दोष काढाल, माईक नीट धरत नाही, प्रस्तावना लांबली, हा मुद्दा यूट्यूबवरून उचललाय. काढा. दहा मिनिटांनी ते आपोआप संपतं आणि मग एखादी ओळ आत जाते. प्रभुभोजन दुसऱ्याच्या हातून घेताना काय वाटतं ते मी लिहून सांगू शकत नाही, घेऊन बघा.

राहिला सोमवार. रविवार आपला कामाचा दिवस, तेव्हा आपला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सोमवारी, हे सगळ्यांना मान्य आहे आणि कुणीच पाळत नाही, कारण मंडळीलाही माहीत असतं की सोमवारी पाळकसाहेब घरीच सापडतील. निर्गम १८ मध्ये इथ्रोनं मोशेला स्पष्ट सांगितलं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि हे लोकही. सासऱ्यानं सांगितलं म्हणून त्यानं ऐकलं, आपल्याला सांगणारे सासरे रविवारी पहिल्या बाकावर बसून संदेश किती मिनिटं झाला ते मोजतात. आणि मार्क ६ मध्ये तर प्रभू स्वतः शिष्यांना म्हणतो की चला, एकांती जाऊन थोडा विसावा घ्या, कारण येणारे-जाणारे इतके की जेवायलाही सवड नव्हती. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, लोक पायी धावत आधीच तिथं पोचले, सुट्टी मोडली, आणि पाच हजारांना जेवू घालावं लागलं. इथपर्यंत आपण सगळे संदेश देतो. पण त्याच्या पुढचं वचन बघा, जेवणं होताहोताच त्यानं शिष्यांना घाईनं मचव्यात बसवून पलीकडे पाठवलं, लोकांना निरोप दिला, आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. म्हणजे मोडलेली सुट्टी त्यानं त्याच संध्याकाळी परत घेतली. तुमचा सोमवार मोडेल, कुणीतरी वारेल, कुणाचा ॲक्सिडेंट होईल, जायलाच पाहिजे. पण मग मंगळवार दुपार घ्या, सोडून देऊ नका.

आम्ही काय करायचो, तर सोमवारी सकाळी नऊची एसटी पकडून शेजारच्या तालुक्याला जायचो, नवराबायको दोघंच, कामाशिवाय. बाजारात फिरायचं, एखाद्या झाडाखाली डबा खायचा, चारच्या गाडीनं परत. घरी राहून सुट्टी मिळत नाही, पार्सोनेजचं, म्हणजे पाळकाच्या घराचं, दार म्हणजे मंडळीचंच दार. मंडळीतल्या एका वडील माणसाला सांगून ठेवलेलं असायचं की अगदी मरणाधरणाचं असेल तर अमुक ठिकाणी निरोप द्या. ३६ वर्षांत असा निरोप सहा-सात वेळा आला असेल. बाकीचे सगळे सोमवार मंडळी माझ्याशिवाय व्यवस्थित चालली, ज्याचं पहिल्या वर्षी मला थोडं वाईटच वाटलं.

येत्या सोमवारपासून सुरू करा. फोन बंद करण्याआधी खजिनदाराला मात्र सांगून ठेवा, नाहीतर तो व्हाउचरवर सही घ्यायला एसटी स्टँडवर येईल, माझा आला होता.